एकाच कानाने कमी ऐकू येते? मळ काढून थांबू नका

कमी ऐकू येऊ लागले की आपल्याकडे कारण तयार असते. वय झाले, मळ साचला, नाहीतर आयुष्यभर कारखान्यात यंत्रांच्या आवाजात काढले. पण वयाने किंवा आवाजाने येणारा बहिरेपणा बहुधा दोन्ही कानांना येतो. एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, त्याच कानात सतत शिट्टी वाजत असेल, त्या कानाला फोन लावल्यावर आवाज येतो पण शब्द कळत नाहीत असे होत असेल, तर कानाच्या डॉक्टरांकडून ऑडिओमेट्री करून घ्यावीच, असे आमचे मत आहे.

बहुतेकांना काही गंभीर निघत नाही. मात्र काहींच्या कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ असते. ही गाठ कर्करोगाची नाही. ती सावकाश वाढते, कित्येकदा वाढतही नाही. एमआरआयमध्ये ती नीट दिसते. साध्या सीटी स्कॅनमध्ये लहान गाठ निसटू शकते.

गाठ लहान असतानाच सापडली तर डोके न उघडता रेडिओसर्जरी करता येते. स्वीडनचे लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये ही कल्पना मांडली. त्यांच्या यंत्राला गॅमा नाइफ म्हणतात. नावात सुरी आहे, प्रत्यक्षात सुरी कुठेच नाही! कोबाल्टचे सुमारे दोनशे बारीक किरण वेगवेगळ्या दिशांनी येऊन गाठीवर एकवटतात. एकेकटा किरण दुबळा असल्याने वाटेतल्या मेंदूला फारशी इजा होत नाही. रुग्ण बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो.

पण जाहिरातींतून अर्धेच सांगितले जाते. गाठ नाहीशी होत नाही, तिची वाढ थांबते. तेही शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांत. सुरुवातीच्या काही महिन्यांत ती थोडी फुगूही शकते. गेलेले ऐकू परत येत नाही, उरलेलेही पुढे कमी होऊ शकते. पुढची कित्येक वर्षे एमआरआय चुकवता येत नाही. सही करण्याआधी हे सगळे विचारून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे.

घाईही नको. नॉर्वेत शंभर रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. लगेच किरणोपचार घेतलेल्यांच्या गाठी आकसल्या. पण नुसते लक्ष ठेवून थांबलेल्यांच्या ऐकण्यात चार वर्षांनी त्यांच्यापेक्षा मोठा फरक नव्हता. म्हणून लहान गाठीला कोणी 'उद्याच या' म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. गाठ तीन सेंटीमीटरच्या पुढे जाऊन मेंदूवर दाब देऊ लागली, की मग शस्त्रक्रियाच करावी लागते. निवड करण्याची सोय लवकर सापडलेल्यांनाच असते, आणि रोजंदारी बुडवून तपासणीला न जाणारा आपला माणूस नेमका उशिरा सापडतो.

मुंबई-दिल्लीत हे यंत्र १९९७ पासून आहे. आमची मागणी त्याहून साधी आहे: प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ऑडिओमेट्री हवी. तोवर जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी, योजनेत काय बसते ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे आणि एमआरआयच्या फिल्म जपून ठेवाव्यात. पुढच्या तपासणीत गाठ वाढली की नाही हे त्यांच्याशी ताडूनच ठरते.