नंबरचा गॉगल हवा की नको?

दोस्तांनो, छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे तुमच्या आईबाबांच्या शाळेच्या वेळच्या औरंगाबादचा, नकाशा जरा समोर घ्या. क्रांती चौकातून निघालेला जालना रोड सिडको, मुकुंदवाडी, चिकलठाणा असा जवळजवळ सरळ पूर्वेला जातो. आता समजा, तुमचं घर क्रांती चौकाजवळ आहे आणि शाळा सिडकोत. सकाळी सायकल काढली की सूर्य बरोब्बर नाकासमोर! संध्याकाळी क्लास आटोपून परत फिरलात की तोच सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा नाकासमोर! उलट वाळूजच्या कारखान्यात जाणाऱ्यांचं बघा. वाळूज शहराच्या नैर्ऋत्येला. त्यांच्या सकाळी पाठीवर ऊन आणि परतताना पुन्हा पाठीवरच. शहर एकच, सूर्य एकच, पण घर कुठल्या बाजूला आणि शाळा कुठल्या बाजूला, यावर कुणाच्या डोळ्यांना किती त्रास हे ठरतं. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास तर सूर्य अगदी पूर्वेला उगवतो आणि अगदी पश्चिमेला मावळतो. त्या दिवसांत जालना रोडवर समोरून कोण येतंय ते कळत नाही.

ज्याला चष्मा नाही तो गॉगल चढवतो आणि निघतो. चष्मेवाल्यानं काय करायचं? बरेच जण एक भलताच उपाय करतात. चष्मा काढून दप्तरात टाकायचा आणि साधा काळा गॉगल लावायचा. आरशात छान दिसतं, यात वाद नाही. पण रस्ता?

एक सोपं गणित करू. तुमचा नंबर उणे २ असेल तर १ ला २ नं भागा. उत्तर आलं अर्धा मीटर, म्हणजे ५० सेंटिमीटर. चष्म्याशिवाय तुम्हांला स्पष्ट दिसण्याची हद्द तिथं संपते. त्यापुढचं सगळं धूसर. नंबर उणे ४ असेल तर ही हद्द २५ सेंटिमीटर! सायकलवर बसल्यावर हँडलवरची घंटीसुद्धा डोळ्यांपासून अर्ध्या मीटरहून लांब असते. म्हणजे उणे २ वाल्याला स्वतःची घंटीच धड दिसत नाही, मग पुढचा खड्डा आणि त्या खड्ड्याला चुकवत वळणारी रिक्षा कुठून दिसणार? ताशी १५ किलोमीटरच्या साध्या वेगानं सायकल एका सेकंदात चार मीटर पुढे जाते, हेही त्या गणितात धरा.

तेव्हा पहिली गोष्ट ठरली. गॉगल लावायचा तर नंबरचा, नाहीतर आपला नेहमीचा चष्माच बरा. साधा गॉगल नको म्हणजे नकोच.

आता घरातली लढाई. गॉगल मागितला की आई म्हणते, "शाळेत जायचंय की सिनेमात?" तुमचंही थोडं चुकतं हं. तुम्ही मागता तो गॉगल कुठल्या तरी नटाचा असतो. पण आईचंही पूर्ण बरोबर नाही. कारण उन्हात डोळ्यांचे शत्रू दोन आहेत. त्यांतला एकच दिसतो.

दिसणारा शत्रू म्हणजे झगझगाट. तो सकाळ-संध्याकाळ जास्त, कारण तेव्हा सूर्य डोळ्यांच्या रेषेत येतो. न दिसणारा शत्रू म्हणजे अतिनील किरण. ते भर दुपारी सर्वांत जास्त, कारण तेव्हा किरणांना वातावरणातून कमी अंतर कापावं लागतं. आपल्या शहरावर तर साधारण १९ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावलीसुद्धा पडत नाही. तेव्हा डोळे दिपत नाहीत, भुवया आणि टोपी सावली देतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. पण अतिनील किरण आकाशातून चहूकडून येतच असतात. वर्षानुवर्षं ते डोळ्यांत गेले की पुढे मोतीबिंदूचा धोका वाढतो. उन्हाधुळीत राबणाऱ्या काही शेतकऱ्यांच्या डोळ्यांत नाकाच्या बाजूनं बुबुळावर एक मांसल पडदा चढताना तुम्ही पाहिला असेल, त्यालाही हेच ऊन बऱ्याच अंशी कारणीभूत असतं. शिवाय लहान मुलांच्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग मोठ्यांपेक्षा जास्त नितळ असतं, त्यामुळे किरण आत खोलवर जातात.

गंमत अशी की काच काळी असणं आणि काचेनं अतिनील किरण अडवणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पांढरीशुभ्र काचही ते किरण अडवू शकते आणि काळीकुट्ट काच तशीच सोडू शकते. नुसत्या काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली अंधार समजून मोठी होते, म्हणजे दार जास्त उघडतं. रस्त्यावर टोपलीत मांडलेल्या स्वस्त गॉगलची भीती वाटते ती यासाठी. दुकानात विचारायचं असतं 'यूव्ही ४००'. म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवणारी काच. खातरजमा करायची तर नोटा तपासायचा जांभळा दिवा असलेलं दुकान शोधा. नोटेवरचे काही भाग त्या दिव्याखाली चमकतात. मोठ्या माणसाच्या हातानं काच दिवा आणि नोट यांच्या मध्ये धरायची आणि नोट काचेतून नव्हे, बाजूनं पाहायची. चमक विझली तर काच काम करतेय. ही ढोबळ परीक्षा झाली, पण सोपी आहे. दिव्याकडे मात्र टक लावून पाहू नका.

आता दुकानात शिरू या. औरंगपुऱ्यात जा नाहीतर गुलमंडीवर, चष्म्याच्या दुकानात तुम्हांला साधारण सारखीच नावं ऐकू येतील. जुनी खरी काच हल्ली फारशी कुणी घेत नाही, आणि सायकलवाल्यानं तर घेऊच नये. पडलात तर फुटून तिचे धारदार तुकडे होतात. दुकानदार जिला 'फायबर' म्हणतो ती प्लॅस्टिकची काच. तिला गरम रंगात बुडवून हवा तो रंग चढवता येतो, स्वस्तात काम होतं. तिसरी पॉलिकार्बोनेट. ती सहसा फुटत नाही, वजनाला हलकी, आणि अतिनील किरण स्वतःच अडवते. ओरखडे मात्र चटकन पडतात, म्हणून तिच्यावर कडक थर दिलेला असतो. सायकलसाठी माझं मत पॉलिकार्बोनेटला. पैसे वाचवायचेच झाले तर रंगात वाचवा, काचेत नको.

रंगाचं म्हणाल, तर करडा रंग दुनिया आहे तशीच दाखवतो, फक्त मंद करून. तपकिरी रंगात खड्डे, खडी आणि डांबराचे उंचवटे जास्त उठून दिसतात. निळे, गुलाबी, आरशासारखे चमकणारे प्रकार बघायला छान, पण सिग्नलचे रंग आधी दुकानाच्या दारात उभं राहून ओळखून बघा.

किती गडद? चांगल्या गॉगलच्या काडीवर आतून एक आकडा असतो, ० ते ४. ३ म्हणजे शंभरातला ८ ते १८ भाग उजेड आत येतो. २ म्हणजे १८ ते ४३. ४ नंबरची काच बर्फाळ डोंगरांसाठी, ती लावून रस्त्यावर वाहन चालवायचंच नाही. आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, मग ३ च घेऊ. पण आपलं शहर दरवाज्यांचं शहर आहे, हे विसरू नका! मकाई दरवाजा असो की दौलताबादच्या तटातली जुनी वेस, भगभगीत उन्हातून तुम्ही त्या कमानीखाली शिरता तेव्हा क्षणभर काहीच दिसत नाही. बाहुली मोठी होऊ लागते, पण अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला बराच वेळ लागतो. कमान तर चार पेडलमध्ये संपते. आणि नेमकी तिथंच समोरून गाडी येत असते. उड्डाणपुलाखाली आणि दाट झाडांच्या सावलीतही तेच. म्हणून शाळेच्या रस्त्यासाठी २ नंबरची तपकिरी काच पुरे, असं मला वाटतं. ३ नंबर वेरूळपर्यंत लांब फेरी मारणाऱ्या मोठ्या मुलांसाठी ठेवा, आणि वेशीपाशी वेग कमी करा.

मग उन्हात आपोआप काळी होणारी काच का नको? फोटोक्रोमॅटिक म्हणतात ती. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीनं १९६० च्या दशकात अशी काच बनवली, तिच्यात चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक होते. आता प्लॅस्टिकमध्येही मिळते. एकच चष्मा घरात पांढरा, बाहेर काळा, ही सोय मोठी आहे. पण दोन गोष्टी दुकानदार सहसा सांगत नाही. एक, काळी झालेली काच परत पांढरी व्हायला काही मिनिटं घेते, म्हणजे कमानीखाली तिचा उपयोग नाही. दुसरी, उष्णता वाढली की ती कमी काळी होते. म्हणजे डिसेंबरात ती छान काळी पडेल आणि मे महिन्यात, जेव्हा खरी गरज, तेव्हा थोडी फिकीच राहील!

पोलरॉइड काचेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. एडविन लँड या माणसानं कॉलेजच्या वयातच तिच्यावर काम सुरू केलं होतं. ओल्या रस्त्यावरून, गाड्यांच्या टपावरून परावर्तित होणारी चकाकी ती कापते. दुकानात असे दोन गॉगल एकापुढे एक धरा आणि एक काटकोनात फिरवा. आरपार दिसणं बंद! किंवा गॉगल लावून कॅल्क्युलेटरच्या पडद्याकडे बघत मान तिरकी करा, आकडे गायब होतात. खेळ म्हणून झकास. पण सायकलवाल्याला रस्त्यावरचं सांडलेलं ऑइल आणि पाणी कधीकधी त्याच्या चकाकीवरूनच कळतं. त्यामुळे जास्त पैसे मोजून ती घ्यायलाच हवी असं नाही.

फ्रेमबद्दल एक इशारा. सायकल शर्यतीत खेळाडू चेहऱ्याला वळसा घालणारे गॉगल लावतात. वारा, धूळ, चिलटं सगळं अडतं. मात्र वाकड्या काचेत नंबर बसवणं सोपं नसतं. डोळा तिरप्या भिंगातून बघतो, त्यामुळे कडेला रस्ता वाकल्यासारखा दिसतो आणि जमीन उतरती वाटते. नंबर तीन-चारच्या पुढे गेला किंवा सिलिंडर मोठा असला की बरेचसे दुकानदार नाहीच म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. त्यापेक्षा थोडी मोठी, थोडीशीच वळलेली फ्रेम घ्या. वाकून चालवायची रेसर सायकल असेल तर एक पाहा. आपण तेव्हा काचेच्या वरच्या भागातून बघतो, म्हणून फ्रेमची वरची कड भुवईच्या खाली येता कामा नये. साध्या उभ्या हँडलच्या सायकलला ही काळजी नाही. नाकावरच्या आणि कानामागच्या गाद्या रबरी असाव्यात, घामानं घसरत नाहीत. हेल्मेट घालत असाल (घालाच!) तर काड्या पट्ट्यांच्या बाहेरून येऊ द्या.

आता पालकांसाठी. वाढत्या वयात मुलांचा नंबर बदलत राहतो, त्यामुळे महागडा गॉगल वर्षात निरुपयोगी होऊ शकतो, ही तुमची शंका रास्त आहे. यावर एक काटकसरीचा मार्ग आहे. मागच्या वर्षीची जुनी फ्रेम कपाटात पडली असेल. ती अजून चेहऱ्याला बसत असेल तर तिच्यातच आत्ताच्या नंबरच्या रंगीत काचा बसवून घ्या. नवी फ्रेम नको, भाव नको. दुसरा मार्ग, चष्म्यावर अडकवायची क्लिप. काढली की नेहमीचा चष्मा तयार. पण तिची पकड घट्ट हवी आणि तिच्यावरही यूव्ही ४०० हवं. आणि हे सगळं करण्याआधी डोळे पुन्हा तपासून घ्या. वर्षभरापूर्वीच्या चिठ्ठीवर गॉगल बनवू नका. घाटी रुग्णालयात नेत्रविभाग आहे, त्यासाठी फार खर्च येत नाही. चिठ्ठीवर दोन बाहुल्यांमधलं अंतर लिहून घ्यायला विसरू नका, तेही मुलांचं वयाबरोबर वाढतं.

आणि पैसे अगदीच नसतील तर? पुढे लांब झडप असलेली टोपी. नाकासमोरचा सूर्य झडपेआड गेला की निम्मी लढाई जिंकली. बर्फात राहणारे एस्किमो लोक तर लाकडाला किंवा हाडाला बारीक फट पाडून ती डोळ्यांवर बांधत, काच नाहीच!

गॉगल आणलात की त्याचं घर दप्तरात ठेवा, आणि साधा चष्माही बरोबर हवाच. हिवाळ्यात क्लास सुटेपर्यंत अंधार पडतो, तेव्हा रंगीत काच लावून सायकल चालवायची नाही. नंबरचा असो, काळा असो, कुठल्याही गॉगलमधून सूर्याकडे बघायचं नाही. आणि काच पुसताना शर्टाचं टोक नको. आपल्याकडची धूळ म्हणजे काळ्या दगडाचा बारीक चुरा, कोरडी पुसलीत की ओरखडा उमटलाच. आधी नळाखाली धरा, मग मऊ सुती फडक्यानं टिपा.

पुढच्या आठवड्यात सायकलच्या दिव्याबद्दल बोलू.