आमदारसाहेबांचा कार्य-अहवाल

दिवाळीच्या आठवड्यात मतदाराच्या दारात जे साहित्य येऊन पडते त्यात उटण्याची पुडी असते, मातीच्या दोन पणत्या असतात आणि गुळगुळीत कागदावर बहुरंगी छापलेली एक पुस्तिका असते. मुखपृष्ठावर आपले आमदार हात जोडून उभे असतात. त्यांच्या डोक्यावर पक्षाच्या वडीलधाऱ्यांची मुंडकी मानाच्या क्रमाने ओळीने मांडलेली असतात. आत कामांची यादी. अमुक आळीत पेव्हर ब्लॉक, तमुक देवळापुढे सभामंडप, स्मशानाला कुंपणभिंत, चौकात उंच खांबाचे दिवे, बागेत उघड्यावरची व्यायामशाळा. प्रत्येक कामापुढे रुपयांचा आकडा आणि पानाआड नारळ फोडतानाचे छायाचित्र. ही पुस्तिका उटण्याबरोबर येते आणि बहुतेक घरांत उटण्याबरोबरच संपते. तेव्हा तिच्यावर एवढा कागद खर्ची घालण्याचे कारण काय, असे कोणी विचारील.

कारण असे की, आम्ही या पुस्तिका वाचतो. पहिल्या पानापासून मलपृष्ठापर्यंत वाचतो. आणि ज्या पुस्तिका आमच्या हाती आल्या त्यांपैकी बहुतेकींत एक शब्द शोधूनही सापडला नाही. तो शब्द म्हणजे 'कायदा'. विधानसभेच्या सभासदाने आपल्या पाच वर्षांचा हिशेब द्यावा आणि त्यात विधीचेच नाव नसावे, हे एखाद्या शिक्षकाने शाळेच्या पटांगणात लावलेल्या झाडांची मोजदाद सांगावी आणि मुले काय शिकली ते सांगू नये तसे आहे. झाडे लावणे वाईट नव्हे. परंतु त्यासाठी शिक्षक नेमलेला नव्हता.

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ सभासद आहेत. पाणी, गटारे, गल्लीबोळांतले रस्ते आणि दिवे ही कामे त्यांची नव्हेत. खेड्यात ती ग्रामपंचायतीची व जिल्हा परिषदेची, शहरात नगरपालिकेची व महापालिकेची आहेत. १९६१ सालचा जिल्हा परिषदांचा कायदा महाराष्ट्राने मोठ्या अभिमानाने केला. पुढे १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ आणि नगरपालिकांसाठी १८ विषयांची यादीच घटनेत घातली. असे असता आमदाराच्या हाती गटार आले कसे? ते स्थानिक विकास निधीच्या वाटेने आले. मार्च २०२२ मध्ये हा निधी दर आमदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये करण्याची घोषणा झाली. आमदार काम सुचवतो, जिल्हाधिकारी मंजुरी देतो, सरकारी खाते निविदा काढते, कंत्राटदार काम करतो, पैसा तुमच्या आमच्या करातून जातो. आणि पाटीवर नाव मात्र सुचवणाऱ्याचे लागते! योगायोग पाहा, ज्या मार्च महिन्यात ही वाढ जाहीर झाली, त्याच महिन्यात मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि नंतर तीन वर्षांहून अधिक काळ देशातली ती सर्वांत श्रीमंत महापालिका नगरसेवकांवाचून एका प्रशासकाच्या हाती राहिली. राज्यातल्या इतरही अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदा याच रांगेत होत्या. नगरसेवक घरी बसला आणि आमदार नगरसेवक झाला. मग आमदार कोण झाला, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

या अदलाबदलीचे नुकसान लोकांना दिसत नाही, म्हणूनच ते भरमसाट होते. एक उदाहरण घेऊ. याच सभागृहाने २०१५ साली महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम संमत केला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा या कायद्याने नागरिकाचा हक्क झाला. मुदत टळली तर एक अपील, त्यावर दुसरे अपील, त्याही वर आयोग. आणि पुरेसे कारण नसता दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत दंड. आता कोणत्याही आमदाराच्या जनसंपर्क कार्यालयात सकाळी दहा वाजता जाऊन उभे राहा. बाकड्यावर कोण बसलेले आहे? दाखला अडकलेला विद्यार्थी, नोंद रखडलेला शेतकरी, शिधापत्रिकेसाठी चार खेपा घातलेली म्हातारी. प्रत्येकाला साहेबांचे एक पत्र हवे असते, नाहीतर निदान एक फोन. साहेब फोन करतात, काम होते, म्हातारी हात जोडते आणि पुस्तिकेत 'हजारो नागरिकांच्या समस्यांचे निराकरण' अशी ओळ छापली जाते. ज्या गोष्टीवर त्या बाईचा कायद्याने हक्क होता, आणि तो कायदा ज्या सभागृहाने केला त्याचा हा गृहस्थ सभासद आहे, तीच गोष्ट तिला त्याच्या दारात उपकार म्हणून मिळते. त्या कार्यालयाच्या भिंतीवर या कायद्याचा एक तक्ता लावला, तर बाकड्यावरची निम्मी माणसे उठून थेट अपील करायला जातील. तक्ता लागत नाही तो विस्मरणामुळे नव्हे. हक्काची माहिती झालेला मनुष्य पुन्हा बाकड्यावर बसायला येत नाही, हे साहेबांना पक्के ठाऊक आहे.

कायदा लोकांपर्यंत पोचला नाही म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राला नव्याने शिकवायला नको. १९४८ चा कूळकायदा आठवा. कसणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा मुंबई राज्याने केला. पुढे १ एप्रिल १९५७ हा दिवस कृषकदिन ठरून त्या दिवशी कूळ जमिनीचे मालक मानले गेले. कागदावर क्रांतीच झाली. परंतु त्या मधल्या वर्षांत खेड्यापाड्यांत काय घडत होते, त्याची पाहणी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी करून १९५७ साली प्रसिद्ध केली. कुळांनी 'राजीखुशीने' जमिनी सोडून दिल्याची प्रकरणे त्यांना जागोजाग आढळली. राजीखुशीने! पोटाची भाकरी ज्या तुकड्यावर पिकते तो तुकडा कोणता कुणबी राजीखुशीने सोडील? धाकदपटशा होता, कर्ज होते, जुनी भीड होती. आणि या सर्वांना पुरून उरणारे अज्ञान होते. कायदा आपल्या बाजूला उभा आहे हे ज्याला माहीत नाही, त्याच्या दृष्टीने तो कायदा झालेलाच नसतो. अंगठा उठला, जमीन गेली. त्या काळी गावोगाव जाऊन 'बाबांनो, कशावरही अंगठा उठवू नका' असे सांगणारे कार्यकर्ते काही ठिकाणी होते, काही ठिकाणी नव्हते. आणि जमीन राहिली की गेली हे पुष्कळदा तेवढ्यावर ठरले.

यावर आमच्या आमदार मित्रांचे एक ठरलेले उत्तर असते. ते म्हणतात, "अहो, कायदे सरकार करते. आम्ही पक्षाच्या आदेशाने हात वर करणार. पक्षादेश मोडला तर सभासदत्व जाते." हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. १९८५ च्या पक्षांतरबंदीने मत बांधले गेले, हे खरे. (ज्या राज्यात २०२२ पासून पक्षच्या पक्ष फुटले आणि अपात्रतेचे निर्णय व्हायला २०२४ उजाडले, त्या राज्यातल्या आमदाराने पक्षादेशाच्या भीतीने कापावे, हेही एक नवलच. असो.) परंतु पक्षादेशाने बांधले जाते ते मत, तोंड नव्हे. सभागृहात केलेल्या भाषणाबद्दल कोणत्याही न्यायालयात खेचता येणार नाही, असे संरक्षण घटनेच्या १९४ व्या कलमाने आमदाराला दिलेले आहे. आणि सभागृहाबाहेर आपल्या मतदाराला 'हे विधेयक आले, त्यात हे आहे, मी अमुक कारणाने त्याच्या बाजूने मत दिले' एवढे सांगायला कोणत्या पक्षाने, कोणत्या आदेशाने, कधी मनाई केली आहे?

ही माहिती आमदारानेच देणे का जरूर आहे, याचे आणखी एक कारण आहे आणि ते फार थोड्यांच्या ध्यानात येते. आपल्या विधानसभेतील बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. अध्यक्ष प्रस्ताव मतास टाकतात, 'होय'चा गलका होतो, 'नाही'चा होतो, आणि विधेयक संमत झाल्याचे जाहीर होते. मतविभागणी मागितली तरच नावे नोंदली जातात. एरवी कोणी कोणत्या बाजूने आवाज दिला याचा मागमूसही कागदावर राहत नाही. विशेष जनसुरक्षा विधेयकाचेच पाहा. ते जुलै २०२४ मध्ये मांडले गेले, डिसेंबरात पुन्हा मांडून संयुक्त समितीकडे गेले. समितीकडे बारा हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. आणि जुलै २०२५ मध्ये विधानसभेने ते आवाजी मतदानाने संमत केले. हा कायदा भला की बुरा, हा वाद आम्ही येथे काढत नाही. तो वाद व्हावयास हवा होता तो प्रत्येक मतदारसंघातल्या एखाद्या सभागृहात, आमदारांच्या समोर. बारा हजार माणसांनी कागद घेऊन लिहिले, याचा अर्थ लोकांना विषय कळत नाही असे म्हणण्याला आता जागा उरलेली नाही. वाचकाने एवढेच करावे: आपल्या घरी आलेली पुस्तिका काढावी आणि या विधेयकावर आपले आमदार काय बोलले, ते तीत शोधावे. ज्यांना ते सापडेल ते मतदार भाग्यवान.

'कायदा लोकांना समजावून सांगणे अवघड असते' ही दुसरी सबब. ती तर ऐकून घेण्याच्याही लायकीची नाही. २०२४ च्या जुलै-ऑगस्टात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायचे होते तेव्हा या महाराष्ट्रात काय दृश्य दिसले? वाडीवस्तीवर मांडव पडले, कार्यकर्ते टेबले मांडून बसले. वय किती हवे, उत्पन्नाची अट काय, हमीपत्र कसे भरायचे, बँकेचे खाते आधारशी कसे जोडायचे, हे सारे निरक्षर बायकांनासुद्धा पंधरा दिवसांत तोंडपाठ झाले. महिन्याला दीड हजार रुपये मिळणार म्हटल्यावर सरकारी निर्णयातले एकेक कलम आमदारांनी माजघरापर्यंत पोचवले. म्हणजे कला अवगत आहे. ती कशासाठी वापरायची, एवढाच प्रश्न आहे. आणि येथे एक बारीक पण महत्त्वाचा भेद आहे. ही योजना शासन निर्णयाने आली. शासन निर्णय बदलायला सभागृहाच्या संमतीची गरज नसते. याच्या उलट रोजगार हमीचे पाहा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना आपल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या मातीत घासून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात तिची कसोटी लागली. आणि १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला. तिच्या खर्चासाठी नोकरदार-व्यावसायिकांवर वेगळा कर बसवला. मागेल त्याला काम हा हक्क झाला. पुढे २००५ साली केंद्राने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला तो महाराष्ट्राची ही पाऊलवाट पाहूनच. पागे यांनी आपल्या आयुष्यात किती सभामंडप बांधले, हे कोणालाही सांगता येणार नाही.

लोकांची गाऱ्हाणी आणि कायदा यांत वैर आहे, असे मात्र आमचे म्हणणे नव्हे. मृणाल गोरे १९६१ साली मुंबई महापालिकेत गेल्या आणि पाण्यासाठी एवढ्या भांडल्या की 'पाणीवाली बाई' हेच त्यांचे नाव झाले. नळाचे भांडण त्यांनी नळाच्या जागी केले. त्याच बाई विधानसभेत गेल्यावर गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत होत्या. १९८८ साली महाराष्ट्राने त्या चिकित्सेवर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा केला, आणि केंद्राला तसा कायदा करायला १९९४ साल उजाडले.

त्याही मागे जा. सीताराम केशव बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात ठराव संमत करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात पडून राहिले. कोणी पाण्याला हात लावू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले तेव्हा त्या कागदाचे पाणी झाले. त्याच वर्षी ते कायदेमंडळात आले. तेही सरकारनियुक्त सभासद म्हणून. त्यांना मतदारसंघ नव्हता, मते मागायची नव्हती, कोणाला हिशेब देण्याचे बंधन नव्हते. तरीही महारांच्या वतनाचा प्रश्न त्यांनी 'बहिष्कृत भारता'तून आपल्या लोकांपुढे उलगडून मांडला, १९२८ साली विधेयक आणले आणि त्यासाठी सभा घेतल्या. ते विधेयक १९२९ साली मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गाव-वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल यावे लागले. पण ज्या महाराला वाचताही येत नव्हते त्याला आपल्या वतनाच्या पायात कोणत्या कलमाची बेडी आहे, हे त्या तीस वर्षांत माहीत होते.

आजच्या आमदाराजवळ दिमतीला स्वीय सहायक आहे, छापखाना आहे, मतदारांची पत्त्यांसकट यादी आहे. राज्याचा कारभार मराठीतून चालावा म्हणून १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला. विधेयके मराठीत निघतात. आम्ही मागतो ते चार पानांहून अधिक नाही. अधिवेशनाला निघण्यापूर्वी येणाऱ्या विधेयकांची नावे आणि एकेका परिच्छेदात त्यांचा आशय. परत आल्यावर आपण किती दिवस हजर होतो, कोणते प्रश्न विचारले, त्यांना काय उत्तर मिळाले, मंत्र्यांनी दिलेल्या कोणत्या आश्वासनाचे पुढे काय झाले, कोणत्या विधेयकावर 'होय' म्हटले, कोणत्यावर 'नाही', आणि का. छायाचित्र नको. नारळ नको. साधा कागद चालेल. हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते. हुरड्याच्या निमंत्रणांतून उसंत मिळाली की तिथल्याच आमदार निवासात बसून तो लिहून होईल.