शेजारच्याचे वीजबिल आणि आपले बिल

कुर्ल्याचा पाहुणा चिखलीत मुक्कामाला आला की रात्रीच्या जेवणानंतर एक विषय हमखास निघतो. तो म्हणतो, "आमच्याकडे तेवढेच पंखे, तोच फ्रिज, मग तुमचे बिल एवढे कसे?" आपण गप्प बसतो किंवा मीटर जलद पळतो असे सांगून मोकळे होतो. मीटरमध्ये दोष असू शकतो, नाही असे नाही. पण बहुतेक वेळा दोष मीटरचा नसून दरपत्रकाचा असतो, आणि ते दरपत्रक आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलेले असते. मालाचा भाव पाच दुकानांत विचारल्याशिवाय खरेदी न करणारे आपण व्यापारी, विजेच्या बाबतीत मात्र डोळे मिटून पैसे भरतो.

आधी शेजार समजून घेऊ. मुंबई शहरात कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्टची वीज आहे. उपनगरांत पूर्वी बीएसईएस होती, पुढे रिलायन्स आली आणि ऑगस्ट २०१८ पासून अदानी. टाटांची वीज या दोघांच्या शेजारीच. मात्र भांडुप, मुलुंड महावितरणकडे. म्हणजे विक्रोळीचा माणूस एका दराने बिल भरतो आणि त्याच रेल्वेमार्गावरचा भांडुपचा दुसऱ्या दराने. पिंपरी-चिंचवड, चाकण आणि आपली चिखली पूर्णपणे महावितरणच्या हद्दीत आहे. आपल्याला दुसरे दुकानच नाही.

आता आकडे पाहू. वीज नियामक आयोगाने ३१ मार्च २०२३ च्या आदेशाने महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी २०२४-२५ चे जे दर ठरवले, त्यात वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० ला ११ रुपये ४६ पैसे आणि ३०१ ते ५०० ला १५ रुपये ७२ पैसे असा भाव होता. त्यावर स्थिर आकार, इंधन समायोजन आणि सरकारचे १६ टक्के वीज शुल्क. शंभराची रेघ ओलांडली की युनिटचा भाव जवळजवळ दुप्पट. मध्यमवर्गाचे घर ज्या १०१ ते ३०० च्या टप्प्यात मोडते, त्या टप्प्यात त्या वर्षी महावितरणचा दर मुंबईच्या कंपन्यांपेक्षा चढा होता. पाहुण्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

असे का? मुंबईच्या कंपन्यांकडे दाट वस्ती, छोट्या तारा, मोठी दुकाने आणि कार्यालये आहेत, शेतीपंप नाहीत. महावितरणला गडचिरोलीच्या पाड्यापासून कोकणच्या डोंगरापर्यंत तार न्यायची आहे. शेतकऱ्याला आणि अगदी गरीब घराला स्वस्त वीज द्यायची आहे, आणि त्याचा भार कारखानदार, दुकानदार व जास्त युनिट वापरणारे घर यांच्यावर टाकला जातो. यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. शेतकऱ्याला सवलत मिळावी याबद्दल कुणाची तक्रार असू नये. तक्रार एवढीच, की ही सवलत सरकारी तिजोरीतून उघडपणे जेवढी दिली जाईल तेवढी द्यावी. ती चिखलीच्या शिलाई कारागिराच्या बिलात लपवून वसूल करणे हा इन्साफ नव्हे.

मग दुसरी कंपनी आली की प्रश्न सुटेल, असे काही बंधू म्हणतात. त्यांनी दोन उदाहरणे पाहावीत. पहिले भिवंडीचे. २६ जानेवारी २००७ पासून तिथे वीजवाटप टोरंटकडे आहे. २०२० मध्ये मुंब्रा-शीळ-कळवा भागही टोरंटकडे गेला आणि मालेगाव दुसऱ्या खासगी कंपनीकडे. ही सगळी आपल्या यंत्रमागवाल्या, कारागीर बिरादरीची गावे. तिथे गळती रोखण्याचे काम झाले, वसुली कडक झाली, पण दर? दर महावितरणचाच. कारण या कंपन्या फ्रँचायझी आहेत. पाटी बदलली, दरपत्रक तेच राहिले.

दुसरे उदाहरण मुंबई उपनगराचे. ८ जुलै २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाटांना किरकोळ ग्राहकांना वीज विकण्याचा हक्क मान्य केला. २००९ मध्ये आयोगाने वाट मोकळी केली: तार रिलायन्सची, वीज टाटांची, तारेचे भाडे वेगळे. पुष्कळ ग्राहक स्वस्ताईकडे वळले. पण ग्राहक निघून गेले तर मागे राहिलेल्या गरिबांचा भार कोण उचलणार, हा प्रश्न उभा राहिला आणि पुढे बदलून गेलेल्यांवरही क्रॉस सबसिडीचा अधिभार बसला. स्वस्ताई काही अंशी तिथेच आटली. खासगी कंपन्यांना समांतर परवाना देण्याच्या विरोधात महाराष्ट्रातील वीज कर्मचारी ४ जानेवारी २०२३ ला संपावर गेले, त्यामागेही हीच भीती होती: मलई नव्या कंपनीला आणि ताक जुन्या कंपनीच्या गरीब ग्राहकाला. म्हणून आमचे मत असे, की स्पर्धा जरूर यावी, पण नव्या कंपनीवर झोपडीपासून बंगल्यापर्यंत सर्वांना वीज देण्याचे बंधन असावे. निवडक गिऱ्हाईक घेणारे दुकान मोहल्ल्याच्या कामाचे नाही.

हे सारे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत आपल्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट मीटरची. चिखलीत आजही दोन बिऱ्हाडे एका मीटरवर चालतात. प्रत्येकाचा वापर महिना ९० युनिट धरा. वरील दराने स्वतंत्र मीटरवर प्रत्येकी ५२९ रुपये २० पैसे, दोघांचे १०५८ रुपये ४० पैसे. एकाच मीटरवर १८० युनिट झाले तर १५०४ रुपये ८० पैसे. फरक ४४६ रुपयांचा. दुसऱ्या मीटरचा स्थिर आकार दीडशे धरला तरी महिन्याला जवळपास ३०० आणि वर्षाला साडेतीन हजार वाचतात. बिऱ्हाडे खरोखर वेगळी असतील तर वेगळे मीटर मागणे हा हक्क आहे. मात्र एकाच घराची कागदावर दोन घरे करू नका. तो धंदा अंगलट येतो.

दुसरी गोष्ट घरातल्या कामाची. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेच्या कारवाईत कुदळवाडी-चिखलीतली हजारो बांधकामे पाडली गेली. ज्यांचे काम त्यानंतर घराच्या खोलीत आले, त्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. आयोगाच्या त्याच २०२३ च्या आदेशात तरतूद आहे, की घराच्या काही भागात छोटा व्यवसाय असेल, वापर महिन्याला ३०० युनिटांच्या आत आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३६०० युनिटांच्या आत असेल, तर घरगुती दरच लागतो. ही मर्यादा ओलांडून घरगुती मीटरवर यंत्रे चालवली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. म्हणून युनिटांची वही ठेवा, जशी उधारीची ठेवतो तशी.

तिसरी गोष्ट सुनावणीची. दर ठरवण्याआधी कंपनीचा प्रस्ताव वर्तमानपत्रांत जाहीर होतो, हरकती मागवल्या जातात आणि जाहीर सुनावणी होते. तिथे कारखानदारांच्या संघटना वकील घेऊन जातात. कारागीर आणि छोटा दुकानदार कधी दिसत नाही, मग त्याचा विचार कोण करणार? चिखली, कुदळवाडी, भोसरीच्या व्यापारी मंडळांनी दहा बिले एकत्र करून, हिशेबासह एक पानी हरकत लिहिली तरी ती नोंदीत राहते आणि आयोगाला तिची दखल घ्यावी लागते.

पुढच्या वेळी कुर्ल्याचा पाहुणा येईल तेव्हा त्याचे बिलही मागवून घ्या. दोन्ही बिले शेजारी ठेवा आणि युनिट, वहन, स्थिर आकार, शुल्क असे ओळीने वाचा. भाव माहीत असलेल्या गिऱ्हाइकाला कुणी सहज फसवत नाही, हे आपल्यापेक्षा चांगले कोण जाणतो?