थिबा राजवाड्याला हवा चुना

ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८५ मध्ये राज्य गमावून हद्दपार झाला. रत्नागिरीत त्याच्यासाठी १९१० मध्ये बांधलेला राजवाडा मात्र अजून भाट्याच्या खाडीकडे पाहत उभा आहे. जांभा दगड, सागवान, उतरती छपरे. खाऱ्या वाऱ्याची ओळख असलेले हे बांधकाम. समुद्रकाठच्या अशा वास्तूंचा घात बहुधा दुरुस्तीच करते, तीही सिमेंटने. जांभा सच्छिद्र असतो. पाणी पितो, उन्हात सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढला की ओल आत कोंडते, मीठ दगडातच साकळते आणि काही पावसाळ्यांत लोणा लागून भिंत भुसभुशीत होते. चुना ती ओल बाहेर जाऊ देतो. तो पुन्हापुन्हा लावावा लागतो हे खरे, पण दगडाऐवजी तोच झिजतो. जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडच्या किनाऱ्यावर छपरे उडाली. तेव्हा वाशांच्या सांध्यांकडेही दुर्लक्ष नको. दहा वर्षांनी एकदा मोठी निविदा काढण्यात फीत कापायची सोय असते, दरवर्षीच्या शाकारणीत ती नसते. तरीही सरकारने आधी पैसे ठेवावेत ते मे महिन्यातल्या शाकारणीसाठी, पन्हळी साफ करण्यासाठी आणि चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्याच्या पगारासाठी.