पूल बांधा, पण आधी हिशोब द्या!

धनुष्कोडी ते तलैमन्नार हे अंतर जेमतेम ३० किलोमीटर. जुलै २०२३ मध्ये भारत आणि श्रीलंकेच्या सरकारांनी दोन्ही देश जमिनीवरून जोडता येतील का, याचा अभ्यास करण्याचे ठरवले. तेव्हापासून समुद्रपुलाची चर्चा पुन्हा सुरू आहे. आमचा पुलाला विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच : हा पूल कोणासाठी?

पूल नव्हता तेव्हाही हा समुद्र कष्टकऱ्यांनी ओलांडला. इंग्रजांच्या काळात तमिळ मुलुखातले लाखो मजूर सिलोनच्या कॉफी-चहाच्या मळ्यांत गेले. त्यांत अस्पृश्य ठरवलेल्या जाती मोठ्या संख्येने होत्या. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने स्वतंत्र सिलोनने त्यांतल्या बहुसंख्यांना बेवतन केले. १९६४ मध्ये शास्त्री-सिरिमावो करार झाला. सव्वापाच लाख माणसे भारताच्या वाट्याला, तीन लाख सिलोनच्या, उरलेल्या दीड लाखांचे नंतर बघू! माणसांची वाटणी झाली, पण त्या माणसांना विचारले कोणी?

काही मित्र म्हणतील, श्रीलंका तर बौद्ध देश. होय. १९५० मध्ये बाबासाहेब कँडीच्या बौद्ध परिषदेला गेले होते. महेंद्र-संघमित्रेच्या धम्माने आपण त्या बेटाशी जोडलेले आहोत. पण आपला धम्म म्हणून तिथला अन्याय झाकायचा, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलेले नाही.

आता मच्छीमारांचे पाहा. २००५ मध्ये सुरू झालेला सेतुसमुद्रम जहाजमार्ग श्रद्धेच्या नावाने अडला. खोदाईने मासळी संपेल, हे मच्छीमारही ओरडून सांगत होते. पण देशभर गाजली ती पुराणकथा. पोटाचा प्रश्न कोपऱ्यात राहिला. उद्या त्याच पाण्यात खांब रोवले जातील, तेव्हा दोन्ही किनाऱ्यांच्या मच्छीमारांचे कोण ऐकणार? मन्नारच्या आखातातल्या प्रवाळांचे काय होणार?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. अभ्यास अहवाल तमिळ आणि सिंहलीत लोकांपुढे ठेवा. दोन्ही किनाऱ्यांवर जनसुनावणी घ्या. मळेमजूर आणि भारतात परत पाठवलेली त्यांची कुटुंबे यांना एकमेकांकडे जाण्याचा परवाना सोपा करा. आणि पुलाला पुराणाचा रंग फासू नका.

ज्या पुलावरून कंटेनर सुसाट जातो आणि मजूर अडवला जातो, तो पूल नव्हे, मालकांचा खासगी रस्ता आहे.

जय भीम!