श्रद्धा कुणाची? रोग्याची की डॉक्टरची?

नागपूरच्या सीताबर्डीवर, म्हणजे आमच्या बर्डीवर, या आठवड्यात एक पत्रक वाटलं जातंय. व्हरायटी चौकात सिग्नलला थांबा, हातात पडतं. मेट्रोतून उतरा, पुन्हा पडतं. ‘खास महिलांसाठी तणावमुक्ती व आरोग्य शिबिर’. खाली यादी: थायरॉईड, पाळीच्या तक्रारी, मूल न होणे, झोप न लागणे, धडधड, ‘बाहेरची बाधा’. एवढ्या सगळ्यावर उपाय एकच, पाच गुरुवारची हजेरी. आणि अगदी तळाला, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात: डॉक्टरी उपचार बंद करू नयेत.

ही शेवटची ओळ म्हणजे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची कमाई. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं त्या कायद्यानं गुन्हा ठरवलं. पाळी चुकलेल्या बाईला पाच गुरुवार बसवून ठेवणं त्यात बसवायचं तर पोलिसांना घाम फुटेल, आणि हे पत्रक छापणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. २०२३ च्या जानेवारीत रेशीमबागेत एका महाराजांचा दरबार भरला, तेव्हा अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या श्याम मानवांनी दिव्यशक्ती सिद्ध करून दाखवण्याचं ३० लाखांचं आव्हान दिलं होतं. पोलिसांना तिथंही गुन्हा दिसला नव्हता. 

पत्रकातली पहिली अर्धी गोष्ट मात्र खरी आहे, आणि तेच जास्त खुपतं. ताणानं बाईचं शरीर बिघडतं. ताण लांबला की मेंदूकडून बीजकोशांना जाणारे संदेश मंदावतात, पाळी पुढे जाते, कधी बंदच पडते. कॉर्टिसॉल चढलेलं राहिलं की झोप, साखर, रक्तदाब सगळ्यांचा ताल चुकतो. यात थोतांड काही नाही. थोतांड त्यापुढे सुरू होतं. कारण धडधड आणि थकवा ताणानं होतो तसा रक्त कमी असल्यानंही होतो, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. पाच गुरुवारांत हिमोग्लोबिन वाढत नाही.

मेन रोडवरच्या एका दुकानात ते पत्रक कॅल्क्युलेटरखाली घडी करून ठेवलेलं दिसलं. काउंटरमागची बाई साड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “जाऊन पाहते म्हटलं ताई. पायात गोळे येऊन राहिले, रात्री झोप नाही. डॉक्टर म्हणते टेन्शन घेऊ नका. इथं पैसे तर नाही लागत.” तिला अंधश्रद्ध म्हणायची माझी हिंमत झाली नाही. तपासणीची फी आणि एका दिवसाचा खाडा यांचा हिशेब तिनं माझ्यापेक्षा चोख केला होता.

पण श्रद्धेनं उपचार हवेच असतील, तर बर्डीला ते नवे नाहीत. महाराजबागेच्या रस्त्यावरचं मुरे मेमोरिअल बघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या मिशननं ते बायकांसाठी सुरू केलं. पुरुष डॉक्टरला नाडी दाखवणंही ज्या घरांत चालत नव्हतं, तिथल्या बायकांसाठी बाई डॉक्टर. ही मंडळी धर्मप्रसारालाच आली होती, येशूची गोष्ट सांगणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता, ते लपवायचं कारण नाही. पण क्विनाइन हिंदू तापावरही चालायचं आणि मुसलमान तापावरही. ऐकणारीनं गोष्टीवर विश्वास ठेवला नाही म्हणून ताप अडून बसत नव्हता. श्रद्धा लागायची ती देणाऱ्याला: घरदार सोडून नागपूरच्या उन्हाळ्यात राहायला.

दुसरं नाव मातृसेवा संघाचं. तो काढणाऱ्या कमलाताई होस्पेट बालविधवा. त्या काळच्या हिशेबानं त्यांनी कोपऱ्यात बसून जपमाळ ओढायची. त्या परिचारिकेचं शिक्षण घेऊन बाहेर पडल्या आणि १९२१ मध्ये वेणूताई नेन्यांबरोबर बायकांसाठी छोटंसं प्रसूतिगृह काढलं. बाळंतिणीच्या खोलीत अंधार, धूर आणि विटाळ असायचा तो काळ. अशा घरांमधल्या बाईचा ताण कमी करायचा म्हणजे काय करायचं, ते त्यांनी प्रवचनातून सांगितलं नाही. स्वच्छ खाट आणि शिकलेली सुईण दिली.

शिबिरात हे उलटं आहे. तिथं श्रद्धा आणायची रोग्यानं. गुण आला तर महाराजांची कृपा, नाही आला तर हिचाच भाव कमी पडला. म्हणजे आधीच्या ओझ्यावर आणखी एक वीट. प्रसूतिगृहात ताप उतरला नाही तर जाब नर्सला. इथं जाब बाईलाच.

प्रार्थनेनं मन निवतं, श्वास आणि नाडी शांत होते, हे हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सननं १९७० च्या दशकातच सांगितलंय. त्याच बेन्सनच्या गटानं पुढे हृदयाच्या बायपासच्या सुमारे १,८०० रुग्णांवर प्रयोग केला. दुसऱ्यांनी यांच्यासाठी प्रार्थना करायची. निकाल २००६ मध्ये आला. प्रार्थनेनं फरक पडला नाहीच, पण ‘तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे’ हे ज्यांना पक्कं सांगितलं होतं त्यांच्यात गुंतागुंत ५९ टक्के, बाकीच्यांत ५१-५२. काहींनी याला योगायोग म्हटलं. मला वाटतं, देवासकट सगळ्यांचं आपल्याकडे लक्ष आहे म्हटल्यावर माणूस घाबरणारच. पुरावा तोकडा आहे, पण सगळ्या घराच्या नजरेखाली वावरणाऱ्या सुनेला विचारा.

आता पुन्हा त्या साडीच्या दुकानाकडे. पायात गोळे येण्याचं एक कारण मला त्या दुकानात डोळ्यांनी दिसलं: काउंटरमागे स्टूल नाही. दिवसभर उभं राहायचं, आणि बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचं. केरळमधल्या दुकानांतल्या बायका बसण्याच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरल्या, आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारनं दुकानांच्या कायद्यातच बसायची सोय घातली. २०२१ मध्ये तामिळनाडूनंही घातली. मालकाला मी हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, बसलेल्या पोरीकडून गिऱ्हाईक साडी घेत नाही.” शिबिराला मात्र त्यांनी स्टाफला गुरुवारी अर्धा तास सुटी कबूल केली आहे.