धर्माच्या गाईचे दात

बिघाडाचं मला भय नाही. बिघाड दुरुस्त करता येतो. भय वाटतं ते सुधारणेचं, कारण ती एकदा झाली की आपल्यालाच दुरुस्त व्हावं लागतं!

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांचंच घ्या. पोटातलं यंत्र लिनक्सचं, पण बऱ्याच ठिकाणी वरचा चेहरा, म्हणजे मेनू, चौकटी, बटणं वगैरे, ग्नोमचा. १९९७ साली सुरू झालेलं हे काम. फुकट आणि झकास! २००२ साली त्याची दुसरी आवृत्ती आली नि जवळजवळ नऊ वर्षं सुखानं नांदली. वर एक पट्टी, तिच्यावर तीन मेनू. खाली एक पट्टी, तिच्यावर उघड्या चौकटींची नावं टोकन घेतलेल्या खातेदारांसारखी रांगेत उभी. डोळे मिटून काम व्हायचं.

एप्रिल २०११मध्ये ग्नोम ३ अवतरलं. खालची पट्टी गेली. ओळखीचे मेनू गेले. चौकट बाजूला सारायचं बटणही गेलं. कहर म्हणजे, संगणक बंद करायचा पर्याय सहजी दिसेना. ऑल्ट नावाची कळ दाबून धरली, की मगच तो प्रकट व्हायचा. म्हणजे बँकेनं पैसे भरायची खिडकी तेवढी दर्शनी ठेवावी आणि काढायची खिडकी मॅनेजरच्या टेबलाखाली वाकणाऱ्यालाच दिसावी, तसलाच प्रकार! खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स त्या वर्षी वैतागून एक्सएफसीईच्या आश्रयाला गेले. पुढे ते परतले, हेही खरं. पण लिनक्सच्या बापालाच बिऱ्हाड बदलावं लागलं, तिथं तुमची आमची काय कथा?

त्याच महिन्यात उबुंटूवाल्यांनी ग्नोमचा चेहरा काढून स्वतःचा युनिटी नावाचा बसवला. लोकांचा हात त्यावर बसला, तेव्हा २०१७ साली तोही काढला आणि पुन्हा ग्नोम आणलं. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथं घर जागच्या जागी आणि वासेच गरागरा फिरताहेत.

यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं : "फुकट मिळतंय ना? मग धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं विचारू नये." अहो, पण या गाईला दात होते! चांगले बत्तीसच्या बत्तीस! ते तुम्हीच उपटलेत.

दुसरं उत्तर : "सवय होईल हो!" होईल की. पण कुणाच्या खर्चानं? आम्ही कॉमर्सवाले. हाताची सवय ही वापरणाऱ्यानं वर्षानुवर्षं जमवलेली मालमत्ता आहे. ती एका रात्रीत बुडीत खात्यात टाकायची, आणि तीही त्याची सही न घेता? तरुण पोरं आठवड्यात सावरतात. पण साठीनंतर माउस धरायला शिकलेला माणूस पडद्याकडे बघतो आणि म्हणतो, "आता मला जमत नाही." दोष बटण पळवणाऱ्याचा, आणि तो बिचारा स्वतःच्या वयाला लावतो. माझा राग आहे तो यावर.

जुनं टिकवणं अशक्य होतं म्हणावं, तर तेही नाही. लिनक्सच्या जगात घराचा नकाशा कुणाच्या तिजोरीत कुलूपबंद नसतो. त्यामुळे २०११ सालीच काही वापरणाऱ्यांनी जुनं ग्नोम उचलून माटे या नावानं चालू ठेवलं. आणि २०१३मध्ये खुद्द ग्नोमनंही 'क्लासिक' म्हणून मेनू नि खालची पट्टी हवी त्याला परत दिली. दोन वर्षांनी जे देता आलं, ते पहिल्याच दिवशी का नाही दिलं?

नवं करूच नका, असं कोण म्हणतंय? गाईची शिंगं रंगवा, झूल घाला, घुंगरं बांधा. फक्त तिची दावण रात्रीतून हलवू नका. पहाटे अंधारात धार काढणारा माणूस हात पुढे करतो तो कालच्या जागीच. आणि आज तिथं बैल बांधलेला असतो!